दोनशे चाळीस घरांची नक्षी

(विष्णुपुरी येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी पत्रात लिहिलं होतं की प्रत्येकानं आपापल्या कामातली एक गोष्ट सांगावी आणि पंधरा मिनिटांत संपवावी. आपल्या डॉक्टर मित्रानं माझ्या वाटणीची सात मिनिटं आधीच घेतली आहेत, पण शाळेतही तो माझा खोडरबर असाच घ्यायचा, त्यामुळे तक्रार नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी नेमकं काय करते ते ठाऊक नाही. सकाळपासून तिघांनी विचारलं, "तू शिक्षिका झालीस ना?" नाही. दहावी-बारावीनंतर मी इथेच, विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत, वस्त्रतंत्रज्ञान शिकले आणि आज सोलापूरला चादरींच्या एका कारखान्यात नक्षी काढते. तुम्ही जी सोलापुरी चादर पांघरता, तिच्यावरचा मोर, कमळ, चौकडा कुणीतरी आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून काढलेला असतो. आता संगणकावर काढतो, पण घरं तीच. ते घरं भरणारे हात माझे.

आज सांगायची गोष्ट आहे एका नक्षीची, आणि ती काढण्यासाठी मी एका परदेशी चित्रकर्तीचा जो अभ्यास केला त्याची. चित्रकलेचा तास म्हणजे ऑफ तास असं ज्यांना वाटायचं, त्यांनीही ऐकायला हरकत नाही. पोटापाण्याचा प्रश्न त्यात आहेच.

झालं असं, की एक व्यापारी आमच्याकडे आले. त्यांच्या मोबाइलवर एक चित्र होतं. काळे-पांढरे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे. पण उजवीकडे जाता जाता ते अरुंद होत जातात, इतके की एका जागी नुसत्या रेघा उरतात, आणि तिथून पुन्हा रुंद होतात. सपाट चित्र, पण बघताना वाटतं की पट मधेच दुमडून खोल दरीत गेलाय. जरा वेळ पाहिलं की ते हलायलाच लागतं. व्यापारी म्हणाले, "हेच पाहिजे. हुबेहूब. आठशे चादरी." आठशे चादरी म्हणजे आमच्या चार मागांना जवळजवळ महिनाभराचं काम. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मला आधी हे चित्र कुणाचं आहे ते बघू द्या." मालक म्हणाले, "चार दिवस घ्या, मॅडम. पाचव्या दिवशी सांगा."

त्या चार दिवसांत मी काय केलं, ते क्रमानं सांगते. कारण "कल्पना कुठून सुचतात?" असं मला नेहमी विचारतात, आणि माझं उत्तर असं कंटाळवाणं आहे: आधी माहिती काढावी लागते.

पहिलं काम, चित्राचं नाव-गाव. मोबाइलवरच्या चित्राला नाव नव्हतं, चारी कडाही कापलेल्या. शोधल्यावर कळलं, की हे ब्रिजेट रायली या इंग्लिश चित्रकर्तीचं १९६१ सालचं 'मूव्हमेंट इन स्क्वेअर्स' नावाचं चित्र. हार्डबोर्डवर टेम्परा रंगात केलेलं, दोन्ही बाजूंनी साधारण सव्वा मीटर. हे माप कळणं फार महत्त्वाचं. तळहाताएवढ्या काचेवर जे चमत्कारासारखं दिसतं, ते सव्वा मीटरच्या फळीसमोर उभं राहिलं की अंगावर येतं. मग ते चादरीएवढं केलं तर काय होईल, हा प्रश्न मी तिथेच वहीत लिहून ठेवला.

अशा चित्रांना ऑप आर्ट म्हणतात. ऑप्टिकल आर्टचं लहान रूप. त्यात देव नाही, माणूस नाही, झाड नाही. रेघा, वर्तुळं, चौकोन आणि आपला डोळा. नेत्रभ्रम ही काही नवी गोष्ट नव्हे. लुडिमार हर्मान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८७० सालीच दाखवून दिलं होतं, की काळे चौकोन ओळीनं मांडून मधे पांढऱ्या वाटा ठेवल्या तर त्या वाटांच्या चौकांत राखाडी ठिपके दिसतात, आणि ठिपक्याकडे थेट पाहिलं की तो नाहीसा होतो. काळ्या फरश्या आणि पांढऱ्या सिमेंटचे सांधे असलेल्या व्हरांड्यात बसून पाहा. दुसरा प्रकार तर आपण सगळ्यांनी पाहिलाय. मच्छरदाणीची घडी पडली की दोन जाळ्या एकमेकींवर येतात आणि त्यांच्यावर तिसरीच लाटांची नक्षी उमटते, आपण हललो की तीही हलते. याला जगभर 'म्वारे' म्हणतात आणि तो शब्द कापडातलाच आहे. पाण्यासारखी लहर असलेल्या रेशमाला फ्रेंचमध्ये तो शब्द. म्हणजे चित्रकारांच्या आधी हे विणकरांच्या घरात होतं.

दुसरं काम, ती बाई इथवर कशी आली ते पाहणं. रायलीचा जन्म १९३१ सालचा, लंडनचा. महायुद्धात वडील सैन्यात गेले आणि तिचं बालपण कॉर्नवॉलच्या समुद्रकाठी गेलं. पाण्यावरचा उजेड, ढगांच्या सावल्या, त्यांच्याकडे बघत बसण्याची सवय तिथे लागली, असं तिनं पुढे स्वतः लिहिलंय. ते वाचताना मला आपलं धरण आठवलं. गोदावरीच्या अडवलेल्या पाण्यावर दुपारी उजेडाच्या बारीक बारीक आडव्या रेघा हलत असायच्या आणि आपण तिकडे पाहत बसायचो तेव्हा घरचे ओरडायचे, "काय करायलास रे तिथं? काही कामधंदा नाही का?" काम चालू होतं, पण तेव्हा ते आपल्यालाही माहीत नव्हतं.

पुढे ती चित्रकला शिकली, जाहिरात कंपनीत काही वर्षं नोकरी केली. आणि १९५९ साली तिनं एक गोष्ट केली, जी वाचून मी खुर्चीत सरळ बसले. तिनं एक नक्कल केली. जॉर्ज सरा हा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार, रंगाचे बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवून चित्र करणारा. त्याचं कूर्बव्हाच्या पुलाचं चित्र तिनं पुस्तकातल्या छापील प्रतीवरून, मोठं करून, ठिपका ठिपका पुन्हा रंगवलं. का? तर दोन रंग शेजारी आले की डोळ्यात काय होतं, हे तिला हातानं कळून घ्यायचं होतं. ती नक्कल तिनं सराचं चित्र म्हणून खपवली नाही, आणि पुढे सरासारखी चित्रं काढत राहिली नाही. दोनच वर्षांनी तिनं जे काढलं, त्यात ठिपके नव्हते, पूल नव्हता, नदी नव्हती. काळे-पांढरे चौकोन होते.

नक्कल म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट दिसते, परीक्षेतली. पण चित्रकलेत नक्कल हा शिकण्याचा जुना आणि प्रामाणिक मार्ग आहे. आपले सर फळ्यावर कोयरी काढायचे आणि आपण ती वहीत उतरवायचो, तीही नक्कलच. फरक पडतो तो त्या नक्कलेचं पुढे काय करायचं तिथे.

तिसरं काम, या चित्राचं पुढे काय झालं ते शोधणं. १९६५ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 'द रिस्पॉन्सिव्ह आय' नावाचं मोठं प्रदर्शन भरलं. अशा नेत्रभ्रमाच्या चित्रांचं. रायलीचं चित्र त्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर होतं. कोणत्याही तरुण चित्रकाराला याहून मोठं काय हवं? ती न्यूयॉर्कला गेली, तर दुकानांच्या काचेत बायकांचे पोशाख लटकलेले आणि त्यांच्या कापडावर तिचीच चित्रं. न विचारता घेतलेली. तिनं वकील गाठला, पण तिथल्या तेव्हाच्या कायद्यात तिला दाद मिळाली नाही. जे चित्र पाहायला माणसानं थांबावं, श्वास रोखावा अशी तिची अपेक्षा, ते एका हंगामाची फॅशन होऊन गेलं. हंगाम संपल्यावर लोक म्हणायला लागले, "ऑप आर्ट? ते कपड्यांवरचं ना?" तिला मात्र पुढे तीन वर्षांनी, १९६८ साली, व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात चित्रकलेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री.

हे वाचलं आणि आमच्या मागावर येऊ घातलेल्या आठशे चादरी मला त्या काचेतल्या पोशाखांसारख्या दिसायला लागल्या.

आता कुणी म्हणेल, कायदा तर बदललाय की. बदललाय. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याप्रमाणे चित्रकाराचा हक्क तो जिवंत असेपर्यंत आणि त्याच्यानंतर साठ वर्षं टिकतो. पण मी मालकांना नुसता कायदा सांगितला असता, तर ते म्हणाले असते, "मॅडम, इंग्लंडची बाई सोलापूरला चादर बघायला येणार आहे का?" तसं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यामुळे मला कायद्याशिवायचं उत्तर हवं होतं. नक्षीतलंच उत्तर.

म्हणून चौथं काम. ते चित्र मी स्वतः चौकटीच्या कागदावर काढून पाहिलं, फक्त स्वतःसाठी. रायलीही आधी आलेखकागदावर कच्चे आराखडे करते हे वाचलं होतं, त्यामुळे कागद ओळखीचा वाटला. आमच्या जेकार्डला धागे उचलणारे हुक असतात. समजा २४० हुक आहेत, तर नक्षी रुंदीत २४० घरांत बसवावी लागते. पुढे तीच पुन्हा पुन्हा येते. जोसेफ मारी जेकार्डनं १८०४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये हे यंत्र उभं केलं तेव्हापासूनचं हे गणित आहे. भोकं पाडलेले पुठ्ठे गेले, संगणक आला, गणित तेच.

मी उंची एकच ठेवली आणि रुंदी कमी करत गेले. पहिला चौकोन २४ घरांचा, मग २२, २०, १८, असं दोन-दोननं उतरत शेवटी २. बारा पट्टे झाले, बेरीज १५६. उरली ८४ घरं. आता परत रुंद व्हायचं, पण झपाट्यानं: ४, ८, १२, १६, २०, २४. बेरीज बरोबर ८४. एकूण २४०, एकूण अठरा पट्टे; अठरा सम संख्या, म्हणून पुढची नक्षी जोडताना काळ्याशेजारी पांढराच येतो. गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून सगळी बेरीज सांगितली.

हे करताना दोन गोष्टी कळल्या, ज्या नुसत्या बघून कळल्या नसत्या. एक, की दरी दिसते ती सावकाश उतरून झपाट्यानं चढल्यामुळे. दोन्हीकडचा वेग सारखा ठेवला, तर नुसता गोल खांब दिसतो. दुसरी गोष्ट, की आमची चादर दुहेरी विणीची. सुलट बाजूला जिथे काळं, तिथे उलट बाजूला पांढरं. म्हणजे प्रत्येक चौकोनाचं उत्तर पाठीमागे आपोआप तयार. इथे मला आपले चित्रकलेचे सर आठवले. एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी संकल्पचित्राचा सराव चालायचा तेव्हा सर म्हणायचे, "पान काढलंस ते बघितलं. दोन पानांच्या मधे जी जागा उरली, तिचा आकार कसा झालाय तो बघ." तेव्हा वाटायचं, काय हे सरांचं, रिकाम्या जागेला कसला आलाय आकार. सर, माझी गेल्या वीस वर्षांची भाकरी त्या रिकाम्या जागेवर आहे.

मग मी या पंथातला दुसरा मोठा माणूस पाहिला, व्हिक्टर वाझारेली. १९०६ साली हंगेरीत जन्मला, १९३० मध्ये पॅरिसला आला आणि जाहिरातींची चित्रं काढून पोट भरलं. म्हणजे आमच्याच जातकुळीचा, गिऱ्हाइकासाठी काम करणारा. त्याचं म्हणणं रायलीच्या उलट टोकाचं. चित्र एकट्या श्रीमंताच्या भिंतीवर अडकून राहू नये, त्याच्या प्रती निघाव्यात, ते इमारतींवर, रस्त्यांवर, रोजच्या वस्तूंवर यावं. रेनो मोटारीचं १९७२ सालचं हिऱ्याच्या आकाराचं बोधचिन्ह त्यानं आपल्या मुलाबरोबर केलेलं आहे. मालकांना हे सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "मग याचं घ्या की! याची हरकत नाही!" मी म्हटलं, "तो स्वतः देत होता. आपण विचारून घेणं वेगळं." आणि वाझारेली १९९७ साली गेला, म्हणजे आपल्या कायद्यानं २०५७ पर्यंत त्याची चित्रंही त्याच्या वारसांचीच.

पण वाझारेलीचं १९३७ चं एक चित्र मला फार उपयोगी पडलं. 'झेब्रा'. दोन झेब्रे एकमेकांत गुंतलेले, आणि गंमत अशी की त्यांना बाह्यरेषाच नाही. नुसते काळे-पांढरे पट्टे वळतात, आणि ते जसे वळतात तसं अंग दिसतं. पोट, मान, खांदा, सगळं पट्ट्यांनीच सांगितलेलं.

त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या जेकार्ड मास्तरांनी एक साधी पट्ट्यांची नमुन्याची चादर सुताच्या गठ्ठ्यांवर टाकली. मास्तर पद्मशाली, घरी तेलुगू बोलणारे. देगलूर-बिलोलीकडची तेलुगू कानावर पडलेली असल्यामुळे आमचं बरं जमतं. चादर पडली तशी तिच्यावरचे सरळ पट्टे गठ्ठ्यांवरून वळले आणि मास्तर म्हणाले, "बघा मॅडम, माणूस झोपल्यासारखं दिसायलंय."

माझं उत्तर तिथे होतं. रायलीची फळी सपाट. सपाट फळीवर वळण दिसावं म्हणून तिला चौकोन अरुंद करावे लागले. चादर कधीच सपाट नसते. ती खाटेवरून लोंबते, दोरीवर वाळते, घडी होते, आणि रात्री तिच्या आत माणूस असतो. वळण आणायचं काम तो माणूसच करतो. तिथे आपण दरीचं चित्र विणलं, तर खरी वळणं आणि खोटी वळणं एकमेकांत भांडतील आणि नुसता गोंधळ दिसेल. ते चित्र चोरायचं म्हटलं तरी चादरीवर नीट लागणारच नव्हतं. हे मी चित्र काढून पाहिलं नसतं, तर सांगू शकले नसते.

आणखी एक गोष्ट होती, वहीत लिहून ठेवलेली. एवढे गच्च काळे-पांढरे पट्टे मोठ्या आकारात डोळ्यांना त्रास देतात. काहींचं डोकं दुखतं. ज्यांना अपस्माराचा विशिष्ट प्रकार असतो त्यांना अशा पट्ट्यांनी झटकाही येऊ शकतो. प्रदर्शनात माणूस पाच मिनिटं उभा राहतो आणि पुढे जातो. चादर आजारी माणसाच्या अंगावर आठ-आठ दिवस असते. खुद्द रायलीनं १९८३ साली लिव्हरपूलच्या रुग्णालयाच्या मार्गिका रंगवायला घेतल्या, तेव्हा तिथे काळे-पांढरे चौकोन काढले नाहीत; शांत, आडवे रंगीत पट्टे दिले. कोण बघणार आहे, कोणत्या अवस्थेत बघणार आहे, हे तिनं आधी पाहिलं. एवढं जरी तिच्याकडून घेतलं, तरी पुष्कळ घेतलं.

पाचव्या दिवशी मी मालकांसमोर दोन कागद ठेवले. एकावर हे सगळं टिपण. दुसऱ्यावर माझी नक्षी.

नक्षी कुठून घेतली? आपल्या घरातून. आपल्याकडची गोधडी आठवा. जुन्या लुगड्यांचे थर, आणि वर धावदोरा. आजी बाहेरच्या काठापासून सुरुवात करायची आणि चौकटीच्या आत चौकट असे फेरे घालत मधोमध यायची. फेरा कधी तंतोतंत जुळायचा नाही. कोपऱ्यावर दोन टाके इकडे, दोन तिकडे. आणि तेवढ्यानंच ती गोधडी जिवंत वाटायची. मी चौकटीत चौकट घेतली. बाहेरचा पट्टा ३० घरांचा, मग २४, २०, १६, १२, १०, आणि मधला ८. झाली १२० घरं. आरशासारखी पलीकडची १२०. शेजारच्या नक्षीचा बाहेरचा पट्टा याच्या बाहेरच्या पट्ट्याला मिळतो आणि ६० घरांची मोकळी वाट होते. तिथे डोळ्याला विसावा. आणि प्रत्येक फेऱ्याचा एकेक कोपरा दोन घरं सरकवला. रंग काळा-पांढरा नाही. गडद निळा आणि कोऱ्या सुताचा. लांबून साधी चौकडी वाटते. चादर अंगावर घेतली, की ती हळूच हलते.

या नक्षीत रायलीचा एकही चौकोन नाही. पण पट्टा किती घरांनी कमी झाला की डोळा खाली उतरतो, विसावा कुठे द्यायचा, थोडं सरकवलं की काय होतं, हे सगळं मी तिच्याकडे चार दिवस बसून शिकले. कुणी विचारलं तर तिचं नाव सांगते. आजीचंही सांगते.

आता पुढे काय झालं ते सांगते. गोष्टीत शेवटी सगळं छान होतं, तसं सगळं झालं नाही. व्यापाऱ्यांनी माझी नक्षी पाहिली आणि म्हणाले, "चांगली आहे, पण मला तेच पाहिजे होतं." आणि गेले. आठशे चादरी गेल्या. त्या महिन्यात चार मागांवर साधा माल लावला, त्यात मजुरी कमी पडली. मास्तर मला दोन-तीनदा म्हणाले, "मॅडम, तुमच्या त्या बाईला सांगा, आमचं पण घर आहे म्हणून." मी त्यांना कायदा सांगितला नाही. एवढंच म्हटलं, "मास्तर, तुम्ही बांधलेली नक्षी उद्या पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्यानं फोटो काढून लावली तर?" मास्तर काही बोलले नाहीत. असं त्यांच्या बाबतीत पूर्वी दोनदा झालेलं आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे ते कशासाठी? दुसऱ्या गावानं आपलं नाव लावून माल विकू नये म्हणून. स्वतःच्या नावाला आपण एवढं जपतो, तर दुसऱ्याच्या चौकोनांनाही तोच न्याय लावावा लागतो.

मालकांनी स्वतःच्या जबाबदारीवर त्या निळ्या नक्षीच्या साठ चादरी काढल्या. दिवाळीपर्यंत त्या संपल्या. नंतर दीडशे काढल्या. आठशेची बरोबरी अजून झालेली नाही, पण मागणी थांबलेलीही नाही. आणि मास्तर नव्या मुलांना ती दाखवताना "ही आमची" असं म्हणतात. "मॅडमची" म्हणत नाहीत, याचा मला आनंद आहे.

तुम्हाला वाटेल, की चित्रकार आणि विणकर यांचा असा संबंध परदेशातच येतो. तसं नाही. आपल्याकडे १९५० च्या दशकात मुंबईला विणकर सेवा केंद्र निघालं आणि चांगले चांगले चित्रकार तिथे विणकरांसाठी नक्ष्या करायला बसले. आपल्या मराठीतले प्रभाकर बरवे त्यांतलेच. अलिबागजवळच्या नागावचे, जे. जे.चे विद्यार्थी, १९६० च्या दशकात काही वर्षं बनारसच्या केंद्रात होते. त्यांची चित्रं ऑप आर्ट नव्हेत, पण 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचं पुस्तक वाचा. वस्तूकडे पाहायचं कसं, रिकाम्या जागेकडे पाहायचं कसं, यावर इतकं निवांत मराठीत लिहिलेलं मला दुसरीकडे फारसं सापडलेलं नाही. आपल्या शाळेच्या ग्रंथालयासाठी मी त्याची एक प्रत आणली आहे.

शेवटी एक विनंती. आज इथे जमलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं-बाळं शाळेत आहेत. त्यांना प्रकल्प करायचा असतो, पोस्टर काढायचं असतं, आणि मोबाइलवर दोन मिनिटांत हजार चित्रं मिळतात. त्यांना चित्रं पाहू द्या, भरपूर पाहू द्या. मी स्वतः रोज पाहते. फक्त तीन प्रश्न विचारायला शिकवा. हे कुणाचं आहे? हे खरं केवढं आहे? आणि हे कोणत्या नियमानं केलंय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर कागद-पेन्सिल घेऊन बसावंच लागतं, आणि एकदा नियम हाताला लागला की दुसऱ्याचं चित्र उचलायची गरजच वाटत नाही. आपलं काढावंसं वाटतं.

सरांशी मी सकाळी बोलले आहे. आपल्या बॅचतर्फे शाळेला चौकटीच्या वह्या द्यायच्या असं ठरतंय. माझ्याकडून त्यासोबत एक स्वाध्याय: २४० घरांची एक ओळ, पहिला पट्टा कितीही रुंद घ्या, शेवटचा कितीही, बेरीज २४० आली पाहिजे आणि जोडताना काळ्याशेजारी पांढरं आलं पाहिजे. बाकी सगळं मुलांवर. पुढच्या मेळाव्याला त्यांतली एक नक्षी मी चादरीवर विणून आणीन, आणि चादरीच्या काठावर त्या मुलाचं किंवा मुलीचं नाव असेल.

पंधरा मिनिटं झाली असतील. गणिताच्या बाई घड्याळ बघतायत. नमस्कार.